फलकच्या बारा कळा

मित्रांनो, तुमच्या मराठीच्या पुस्तकात माझं नाव कळफलक असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात त्या नावानं मला कोणी हाक मारत नाही, सगळे कीबोर्डच म्हणतात. आता मी जुना झालो आहे. माझी मधली लांब कळ तुटली आहे, काही कळा जागेवर नाहीत, आणि संगमनेरच्या एका छापखान्याच्या मागच्या खोलीत रद्दीच्या पोत्यावर मी पडून आहे. माझ्या हालांचं रडगाणं मी गाणार नाही. मला एका मुलीची हकिकत सांगायची आहे. तिचं नाव फलक. माझ्या नावात ती अर्धी आहे, आणि माझ्यात जी काही अक्कल होती ती तर सगळीच तिची होती.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्या अंगात एकेक कळ बसवली गेली, एवढंच आठवतं. साध्या कीबोर्डपेक्षा माझ्यात एक गोष्ट जास्त होती. माझ्या डाव्या कडेला बारा जादा कळा होत्या आणि त्यांच्यावर काहीही छापलेलं नव्हतं. ज्याच्या घरी जाऊ त्यानं त्यांना शिकवायचं. दहा-वीस वेळा दाबून होणारं काम एका कळेला एकदा शिकवलं, की पुढे ती एका दाबात ते करून दाखवायची. शिकवलेलं सारं माझ्याच पोटात राहायचं.

फलक मला भेटली ती नगरच्या एका दुकानात. तिच्यासोबत तिचे चुलते लालमहंमद आणि त्यांचा मुलगा राहील होता. लालमहंमद यांचा संगमनेरला छापखाना होता. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, शाळांची प्रमाणपत्रं, असं सगळं काम तिथं चाले. फलकचे वडील ती लहान असतानाच गेले होते, म्हणून शाळा संपल्यापासून ती चुलत्यांकडे डिझाइनचं काम करायची. राहीलनं कॉलेज अर्धवट सोडलं होतं. त्याचा दिवस गेम खेळण्यात जायचा. दोघांत मिळून एकच कीबोर्ड घ्यायचा, असं चाचांनी बसमधेच ठरवून टाकलं होतं.

दुकानदारानं आम्हा तिघा-चौघांना काचेवर मांडलं.

"अब्बा, हा घेऊ. सात रंगांत चमकतो," राहील म्हणाला. तो माझ्या शेजारच्याबद्दल बोलत होता.

फलकनं रंगांकडे पाहिलंही नाही. तिनं दुकानदाराला विचारलं, "कडेच्या कळांना कुठलंही काम शिकवता येतं का? कॉम्प्युटर बदलला तर ते राहतं का? आणि कळ दाबायला जोर किती लागतो?"

"ताई, इतकं तर गेमवाले पण विचारत नाहीत," दुकानदार हसून म्हणाला.

तेव्हा तिनं ओढणीखालून डावा हात बाहेर काढला. त्या हाताला फक्त अंगठा होता. चारही बोटं मुळापासून गेलेली होती. दुकानदाराचं हसू जागच्या जागी थांबलं.

"आपा, अंगठा एक आणि कळा बारा!" राहील मोठ्यानं म्हणाला आणि स्वतःच हसला. चाचांनी त्याला दटावलं नाही. ते परतीच्या गाडीची वेळ बघत होते.

मित्रांनो, डिझाइन करणाऱ्याचा उजवा हात माउसवर असतो आणि डावा कळांवर. डाव्या हातानं दोन-तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. ते फलकला जमत नव्हतं. दर वेळी माउस सोडायचा, उजवा हात उचलायचा, पुन्हा माउस शोधायचा. एका अंगठ्याला पुरेल असा कीबोर्ड मिळाला तरच तिचं काम तिच्याकडे राहणार होतं. तिनं अंगठा माझ्या कोऱ्या कळांवरून वरपासून खालपर्यंत फिरवला.

"हा द्या," ती म्हणाली. "ह्यानं अंगठा दुखत नाही."

तिची बोटं कशी गेली ते मला छापखान्यात आल्यावर कळलं. पंकजा नावाची शेजारच्या अकोले तालुक्यातली एक बाई तिथं पत्रिकांना दोरे लावायची. तिला फलकनं एकदा सगळं सांगितलं. मागच्या खोलीत कागद कापायचं मशीन होतं. त्याची हात वाचवणारी पुढची जाळी, काम सावकाश होतं म्हणून, चाचांनी काढून ठेवली होती. लग्नसराईत माणूस कमी पडला, तेव्हा फलकला तिथं उभं केलं, आणि पातं खाली आलं.

"दवाखान्यात चाचांनी सांगितलं, घरी कडबाकुट्टीत हात गेला," फलक म्हणाली.

"अगं बया! तुमच्या घरी जनावर हाय का एक तरी?" पंकजानं विचारलं.

"शेळीसुद्धा नाही. आमच्या आख्ख्या गल्लीत म्हैस नाही. पण कागदावर कडबाकुट्टीच आहे."

पुढचा महिनाभर फलक मला शिकवत होती. पहिल्या कळेला फोटोतल्या माणसामागची भिंत काढून टाकायला शिकवलं. दुसरीला कापायच्या खुणा टाकायला. चौथीला अक्षरांना सोनेरी कड लावून वर फुग्यांची माळ आणि "हार्दिक शुभेच्छा" बसवायला, कारण वाढदिवसाचे फ्लेक्स रोजचेच होते. एखादी कळ चुकली की ती चिडत नसे. सगळं पुसून पहिल्यापासून सांगत असे. बारावी कळ शिकून झाली त्या दिवशी तिनं घरून आणलेला शिरखुर्मा पंकजाला दिला आणि माझ्यावर एक थेंबही सांडू नये म्हणून मला आधी रुमालानं झाकलं.

मग तिचा अंगठा असा चालू लागला की बघत राहावं. एका फ्लेक्सवर बत्तीस कार्यकर्त्यांचे चेहरे असले तरी तासाभरात ती सगळे कापून ओळीत बसवायची. सोनईचे एक आबासाहेब साखरपुड्याच्या पत्रिका घ्यायला आले होते. ते तिच्यामागे उभे राहून म्हणाले, "दोन हातवाल्याला जमत न्हाई ते ही पोरगी एका अंगठ्यावर करती." चाचा हसले. त्या हसण्यात अभिमान आहे असं फलकला वाटलं. मलाही तसंच वाटलं.

दुपारी ती जेवायला गेली की राहील माझ्यापुढे बसायचा. त्याच्या खेळासाठी माझ्यात वेगळा कप्पा होता. तो उघडला की मी लाल उजळायचो आणि फलकचा उघडला की निळा. राहील हरला की मला गुद्दे खायला लागायचे.

एके दिवशी तो फार गोडीनं बोलला. "आपा, कुठली कळ काय करते ते लिहून चिकटव ना. तू आजारी पडलीस तर आमचं अडायला नको."

कोणी तिच्या कामाबद्दल इतक्या आस्थेनं कधी विचारलं नव्हतं. तिनं बारीक चिठ्ठ्या कापल्या, सुबक अक्षरात लिहिल्या आणि माझ्या बाराही कळांवर चिकटवल्या. वर राहीलला शेजारी बसवून एकेक समजावून सांगितलं. माझ्या पोटातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून कसं ठेवायचं, तेही दाखवलं.

ईद झाली. सुटीनंतर फलक आली तेव्हा तिच्या खुर्चीवर राहील बसला होता. ती गमतीनं म्हणाली, "ऊठ आता, खेळ पुरे."

चाचांनी गल्ल्यावरून मान वर न करता सांगितलं, "डिझाइन आता राहील बघेल. काम तर कळाच करतात. तू मागं जा, कटिंगला माणूस नाही."

फलकला आधी ऐकू आलं नसावं. तिनं नेहमीसारखी पिशवी टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "चाचा, कटिंगला? मला?"

"तुला आता कशाची भीती? जायचं ते गेलंय."

पंकजाच्या हातातला दोरा खाली पडला. दुकानात पत्रिका बघायला आलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्यादेखत चाचा पुढे म्हणाले, "आणि शुभकार्याचं काम असतं बेटा. लोकांना हात बघून कसंतरी होतं. ते तोंडावर बोलत नाहीत, मला ऐकावं लागतं."

त्या कुटुंबातली माणसं पत्रिकांचे नमुने चाळू लागली. नवऱ्या मुलीनं नजर दुसरीकडे वळवली.

"ठीक आहे," फलक म्हणाली. "मग हा हात तुमच्या मशीनमधे गेला, एवढं एका कागदावर लिहून द्या. मला कामावरच्या अपघाताची भरपाई मिळेल, मग दुसरीकडे काम शोधीन. मी परत येणार नाही."

"तुझ्या आईला विचार, इतकी वर्षं घर कुणी चालवलं," चाचा म्हणाले आणि गिऱ्हाइकांपुढे नवा अल्बम उघडला.

मग फलक माझ्याजवळ आली. राहीलला काही कळायच्या आत तिनं माझ्या उजव्या कडेच्या दोन कोपऱ्यांतल्या कळा उजव्या हातानं आणि तिसरी अंगठ्यानं दाबून धरली. दहा आकडे मोजेपर्यंत तशी धरली की माझ्या पोटातलं सगळं पुसलं जातं, हे तिला ठाऊक होतं. माझा निळा दिवा विझला. एका महिन्यात शिकलेलं आणि दोन वर्षं जपलेलं सगळं गेलं. मित्रांनो, मला वाईट वाटलं नाही. तिचं होतं, तिनं नेलं.

राहील हसायला लागला. "आपा, तूच तर शिकवलंस ना, कॉपी करून ठेवायचं?" त्यानं माउस दोनदा टिचकवला. निळा दिवा पुन्हा लागला. बाराही कळा परत आल्या. आतल्या खोलीतली माणसंही हसली, कारण मालकाचा मुलगा हसत होता.

फलक पायऱ्या उतरून गेली. पंकजा दारापर्यंत धावली, पण चाचांनी हाक मारली तशी परत येऊन दोरे लावायला बसली. आणि मी? माझी एकही कळ अडली नाही. त्या संध्याकाळपर्यंत मी राहीलला तीन फ्लेक्स करून दिले. माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट कुठली असेल, तर ती हीच.

फलकनं जेवढं शिकवलं होतं तेवढं मी करत राहिलो. तिनं काय विचार करून ते शिकवलं होतं, ते मात्र चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. नवं काम आलं की राहील सवयीनं जुनीच कळ दाबायचा. एकदा गोजरबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई वारल्या. त्यांच्या नातवानं श्रद्धांजलीचा फ्लेक्स सांगितला. राहीलनं एका बाजूला गेम चालू ठेवून चौथी कळ दाबली आणि न बघता छपाईला पाठवलं. दशक्रियेच्या दिवशी चौकात गोजरबाईंचा फोटो लागला. भोवती फुगे होते, आणि सोनेरी अक्षरात "हार्दिक शुभेच्छा".

तासाभरात दहा-बारा माणसं छापखान्यात आली. "आमची म्हातारी गेली त्याच्या शुभेच्छा देता व्हय?" नातू ओरडला. त्यांनी फ्लेक्स फाडून चाचांच्या अंगावर टाकला. त्या महिन्यात गावातल्या कितीतरी पत्रिका दुसऱ्या छापखान्यात गेल्या. चाचांनी राहीलला सगळ्यांसमोर मुस्काटात मारली. राहीलला बापावर हात उगारता येत नव्हता, म्हणून त्यानं मला उचललं आणि टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा नाही, माझी लांब कळ मोडेपर्यंत.

मग चाचांना फलकची आठवण झाली.

ती आली तेव्हा मी असाच, या पोत्यावर होतो. चाचांनी मला आणवलं, धूळ पुसली आणि तिच्यापुढे ठेवलं. "झालं गेलं सोडून दे बेटा. खुर्ची तुझीच आहे. हा दुरुस्त करून घेऊ."

तिनं मला उचललं, कॉम्प्युटरला जोडून एकदोन कळा दाबून पाहिल्या. मित्रांनो, इतक्या महिन्यांनी तो अंगठा माझ्या अंगाला लागला. मला वाटलं, आता ही मला घरी नेणार. उरलेल्या कळांवर मी जन्मभर तिची चाकरी करणार.

"काम करतोय का?" पंकजानं हळूच विचारलं.

"थोडा करतोय," फलक म्हणाली. मग चाचांकडे वळली. "चाचा, मी नवा घेतलाय. साधाच आहे. पंकजाताईंच्या मावशीचा अकोल्याला बायकांचा गट आहे, त्यांच्या तांदळाच्या पिशव्यांचं डिझाइन मी करते. घरूनच करते. काम थोडं आहे, पण पिशवीवर खाली माझं नाव छापतात."

"एका हाताच्या बाईचं कोण किती दिवस चालवून घेणार?" चाचांचा आवाज पुन्हा जुना झाला.

फलकनं मला खाली ठेवलं. फेकलं नाही, पण छातीशीही धरलं नाही. चष्म्याचं रिकामं घर ठेवावं तसं ठेवलं. मग ती पंकजाला म्हणाली, "ताई, रविवारी येताय ना?" आणि निघून गेली.

मी फार दिवस तिच्यावर रागावलो होतो. आता नाही. ज्यांनी तिला कामावरून उठवलं त्यांच्या हातात मी मुकाट्यानं चाललो होतो, मग तिनं मला का न्यावं?

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी हात जोडून सांगायचं असतं, की आम्हाला जपा. मी तसं सांगणार नाही. वस्तू मोडते, नवी मिळते. पण तुम्हाला कोणी मन लावून काही शिकवलं, तर ते शिकून त्याच माणसाला दाराबाहेर काढू नका. आणि असं कोणी तुमच्यासमोर करत असेल, तर त्या गिऱ्हाइकांसारखी मान वळवू नका. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.