बाबच्या बापाची गोष्ट

"राजपुत्र तिसऱ्या दारापाशी आला," म्हातारा मुरिश म्हणाला आणि थांबला. समोर गोबनत पेन्सिल धरून बसली होती. शाळेतल्या मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणायच्या, असं यंदा डब्लिनहून फर्मान आलं होतं. मुरिशची शूरवीरांची लांबलचक गोष्ट मास्तरांनी गोबनतच्या वाट्याला दिली होती. आज सलग तिसऱ्या संध्याकाळी गोष्ट याच दाराशी अडली.

"दारावर... दारावर काय होतं?" मुरिशने कपाळ चोळलं.

कोपऱ्यात लोकर पिंजत बसलेल्या त्याच्या बायकोला, बाबला, ते पाठ होतं. पुढची दोन दारंही पाठ होती. गोष्ट मुळात तिच्याच बापाची. लग्नाआधी मुरिश चार हिवाळे त्यांच्या चुलीपाशी येऊन बसायचा, तो गोष्टीसाठी की पोरीसाठी, हे त्यालाच ठाऊक. गेला तो दोन्ही घेऊन. पण शूरवीरांच्या गोष्टी सांगायच्या त्या पुरुषांनी. बाईने सांगितली तर कोंबडी आरवल्यासारखा अपशकुन, असं सारा गाव मानायचा. बाबही मानायची. आरवणाऱ्या एका कोंबडीची मान तिने स्वतःच्या हाताने मुरगळली होती.

"राहू दे पोरी," मुरिश म्हणाला. "मास्तरला सांग, म्हातारा आटला. मेंढ्यांच्या औषधाचं वगैरे लिही काहीतरी."

गोबनतने वही मिटली. ही गोष्ट येणारं दुसरं माणूस गावात उरलं नव्हतं. आज ती वहीत उतरली नाही, तर बाप दुसऱ्यांदा मरणार होता.

"दारावर आंधळा कुत्रा होता," ती म्हणाली.

मुरिशने मान वर केली. "काय म्हणालीस?"

"तुमच्याशी नाही बोलत मी. लोकरीशी बोलतेय. त्यालाही बंदी आहे का?"

गोबनत फिसकन हसली आणि तिने वही उघडली. बाब खाली मान घालून लोकरीला सांगत राहिली: कुत्र्याने राजपुत्राला वासावरून कसं ओळखलं, कसा त्याचा हात चाटला. आधी तिचा आवाज कापत होता. चौथ्या दारापाशी तो सुटला. पाचव्या दारापाशी लोकर मांडीवरून घसरली, तरी तिला पत्ता नव्हता. मुरिश रागावला की तडक गोठ्यात जाऊन बसायचा. आज उठला नाही. एकदाच पुटपुटला, "इथं तुझा बाप टाळी वाजवायचा." बाबने टाळी वाजवली.

गोष्ट संपली तेव्हा गोबनतची बोटं आखडली होती. "खाली सांगणाऱ्याचं नाव आणि वय लिहायचं असतं," ती चाचरत म्हणाली.

"यांचंच घाल," बाब घाईने म्हणाली. "मला गावात तोंड दाखवायचंय."

मुरिशने चिमट्याने निखारे सारखे केले.

"अर्ध्यापर्यंत माझं घाल," तो म्हणाला. "तिथून पुढं लिही, बाब नी लीरी, म्हणजे लीरीची लेक, वय एकाहत्तर. माहेरचंच नाव लाव."

बाबला रडू आवरेना. मुरिशने तिच्याकडे न बघता आपली खुर्ची उचलली आणि ऐकणारे बसतात त्या बाजूला नेऊन ठेवली.

"पोरी, उद्या नवी वही आण," तो म्हणाला. "हिच्या बापाला अशा सात येत होत्या. मला एकच आली."