एकतीस वर्षांचं अंडं

आमच्या सासऱ्यांना दगड चाटायची सवय आहे. व्यसनच म्हणा. हाडाचा दगड झालेला असेल तर तो जिभेला चिकटतो आणि साधा दगड चिकटत नाही, अशी त्यांच्या जीवाश्म मंडळातली परीक्षा आहे. त्यामुळे दर रविवारी हे भूगोलाचे निवृत्त मास्तर नदीकाठच्या दरडीवरून पिशवीभर दगड आणतात आणि बाल्कनीत बसून एकेक चाटतात. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी आता पडदे लावून घेतले आहेत.

संग्रहातला मुकुटमणी म्हणजे अंडं. मुठीएवढं, तपकिरी, एका टोकाला किंचित पीळ पडलेलं. सासरे म्हणतात, डायनासोरचं. टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत, मऊ फडक्यावर त्याची स्थापना झालेली आहे. माझ्या लग्नाच्या फोटोला मात्र त्या खोलीत अजून खिळा मिळालेला नाही.

सासूबाईंचं मत वेगळं होतं. दगड घरात आला त्याच दिवशी, म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी, त्यांनी ते सांगून टाकलं होतं. "हे शेण आहे. मगरीचं असो की म्हशीचं, शेण ते शेण."

हे मत ऐऱ्यागैऱ्याचं नव्हतं. जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी सव्वीस वर्षं शेणाचेच नमुने तपासले. बशीतला नमुना बघून त्या जनावराचा आजार सांगायच्या आणि मालकाचा कंजूषपणाही. पण सासरे म्हणाले, "तुला सगळीकडे तेच दिसतं." पाहुण्यांसमोर म्हणाले, आणि पाहुणे खो खो हसले. तेव्हापासून सासूबाई त्या पेटीवरची धूळ पुसतात, पण आत बघत नाहीत. ते हसणं त्यांना किती लागलंय, हे मला लग्नानंतर आठवडाभरात कळलं. सासऱ्यांना अजून कळायचं होतं.

या वर्षी मंडळाचं प्रदर्शन भरायचं ठरलं आणि मधलं टेबल अंड्याला मिळालं. सासऱ्यांना हुक्की आली, की आतलं पिल्लूही लोकांना दाखवावं. मी रुग्णालयात एक्स-रे काढते. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत स्वारी अंडं टॉवेलात गुंडाळून हजर. मी ते यंत्राखाली ठेवलं आणि सवयीनं ओरडले, "श्वास रोखा!" सासऱ्यांनी रोखला.

पडद्यावर कवच नव्हतं. पिल्लूही नव्हतं. माशांचे बारीक मणके होते, खवले होते, मोडलेले काटे होते.

"बाबा, हे मासे कुणीतरी खाल्लेत."

"पिल्लानं?"

"अंड्यात बसून?"

त्यांनी पडद्याला नाक लावून मणके पाहिले. मग त्यांचा हात हळूच तोंडाकडे गेला. "मी याला दर वर्षी..."

"चाटता. माहीत आहे."

अमक्यानं शेण खाल्लं, असं आपण सहज बोलून जातो. हा माणूस पुराव्यासकट माझ्यासमोर बसला होता.

"हिला सांगू नकोस," ते म्हणाले.

"मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

"त्यापेक्षा मंडळ सोडतो."

मंडळ सोडलं नाही आणि सांगितलंही नाही. रविवारी प्रदर्शनात गेलो, तर मधल्या टेबलावर तीच पेटी, आणि पुढे मास्तरांच्या वळणदार अक्षरात नवं कार्ड: 'विष्ठाश्म'. म्हणजे खरं ते लिहिलं, पण संस्कृतात दडवून. मला असा राग आला! एवढं सगळं होऊन हा माणूस शब्दकोशामागे लपतो म्हणजे काय?

सासूबाईंनी चष्मा लावून कार्ड वाचलं. भोवती पंधरा-वीस माणसं होती.

"अहो, विष्ठाश्म म्हणजे काय हो?"

"म्हणजे... उत्सर्जित पदार्थाचं अश्मीभूत रूप."

"मराठीत सांगा."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"शेण," ते म्हणाले.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"मला एकतीस वर्षांपूर्वी कळलं होतं."

मला वाटलं, आता सासरे तडक बाहेर जाणार. पण ते त्या हसणाऱ्याकडे वळले. "हसायला काय झालं? हिनं नुसत्या नजरेनं ओळखलं होतं. मला यंत्र लागलं. आणि तेव्हा मी हिचं चार लोकांत हसं केलं होतं." मग बायकोकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

या वाक्याला सासूबाईंनी इतक्या वर्षांत एकापेक्षा एक झणझणीत उत्तरं तयार ठेवली असणार. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "परत म्हणा."

शेजारच्या घरातली कुजबुज त्यांना भिंतीआडून ऐकू येते, आणि सासऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात परत म्हटलं.