इझाबेलची गाय

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बघा. माजघरात पायऱ्यांची मांडणी आहे, वर धुवट पांढरं कापड. सगळ्यांत वरती सावंतवाडीचे लाखेने रंगवलेले लाकडी देव बसलेत: गरुडावरचा विष्णू, कमळातली लक्ष्मी, सोनेरी मुकुटाचा बलराम. खाली गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यातून, आणलेला मातीचा बाळकृष्ण, रंगाचा वास अजून गेलेला नाही. दिसला? मग त्याच्या शेजारी काय हवं? बरोबर. गाय.

आनंदीकडे तीच नव्हती. जत्रेत हट्ट करून, आजोळी मागून, आत्याची मनधरणी करून तिने एकेक देव जमवला होता. गोकुळाष्टमीला वाडीतल्या बायका तिची आरास बघायला येत. त्या वर्षी शाळेतले मूर्तिकार गणपतींतच गुंतले होते, गाई कुणी केल्याच नाहीत.

आनंदी शेजारच्या इझाबेलकडे गेली. नाताळात त्यांच्या घरी येशूच्या जन्माचा गोठा मांडत. त्यात एक बसलेली मातीची गाय होती, तांबूस ठिपक्यांची, काचेच्या डोळ्यांची. इझाबेलच्या आजोबांनी ती गोव्याहून आणलेली. आता पोर्तुगीजांच्या गोव्याची हद्द बंद होती, दुसरी मिळणं शक्य नव्हतं. तरी इझाबेलच्या आईने, मार्गारेटबायने, ती फडक्यात गुंडाळून दिली.

"सांभाळून वापर गो, बाय. नाताळाक होयी आमका."

संध्याकाळी बायका आल्या. सगळ्यांची नजर गाईवरच. काशीबाई म्हणाली, "ही खंयसून हाडलंस गो?"

इझाबेल तिथेच उभी होती. पण एवढ्या जणी कौतुकाने बघत होत्या, आणि आनंदीच्या तोंडून निघून गेलं, "माज्या मामान मुंबयसून धाडल्यान."

"पावसात बोटी बंद आसत! मगे गाय काय पोवत इली?"

बायका हसल्या. आनंदीचे कान तापले. तेवढ्यात इझाबेल हळूच म्हणाली, "मे म्हयन्यातच इली. मिया बघितलंय."

काशीबाईने मान डोलावली. आनंदीला मात्र इझाबेलकडे मान वर करून बघवेना. रात्री सुंठवडासुद्धा तिला गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दहीकाला झाला आणि आनंदीचे लवूकाका विसर्जनाच्या तयारीला लागले. घरचा रिवाज ठरलेला होता. लाकडाचे देव पेटीत, मातीचे पाण्यात. त्यांनी कृष्णाला पाटावर ठेवलं, मग गाय उचलली.

"मातीची आसा. गाय तुजीच मा गो?"

दारात काशीबाई होती. पायरीवर इझाबेल होती. नाही म्हटलं तर कालचं खोटं उघडं पडणार, आणि इझाबेलचंही.

"होय," आनंदी म्हणाली.

तुम्ही म्हणाल, 'गाय राहू दे, काका' एवढं तरी म्हणायचं. तिला ते सुचलं नाही. लाजेने घेरलं की साधं वाक्यसुद्धा सुचत नाही.

सगळे व्हाळावर, वाडीजवळच्या ओढ्यावर, गेले. पाणी भरून वाहत होतं. काकांनी पाट बुडवला. आधी कृष्ण गेला, मग गाय. तांबड्या पाण्यात काचेचे डोळे एकदा चमकले आणि दिसेनासे झाले. इझाबेल वळली आणि घराकडे चालू लागली.

"मामाक सांग हां," काशीबाई म्हणाली, "फुडल्या वर्साक दुसरी धाड म्हणान."

"मामान धाडूक नाय," आनंदी पुटपुटली.

"काय गो?"

पुन्हा सांगावं लागलं, आणि या वेळी काठावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. "मामान धाडूक नाय. गाय इझाबेलची. मिया खोटा सांगितलंय. इझाबेल माज्यासाठी तसा बोलला."

कुणी हसलं नाही. हसले असते तर तिला बरं वाटलं असतं. तिने काकांच्या हातातला रिकामा पाट घेतला आणि इझाबेलच्या वाटेने निघाली.

मार्गारेटबाय ओटीवर तांदूळ निवडत होती. इझाबेल आतून बाहेर आली नाही.

"इलंस? गाय हाडलंस गो? बस."

आनंदी बसली नाही. ओला पाट तिने पायरीशी ठेवला, परकराला हात पुसले आणि आत इझाबेललाही ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगू लागली, "काल काशीबायन माका इचारल्यान, गाय खंयसून हाडलंस..."