दानीएलचे गॅलिस

कृपादान मास्तर मिशनच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरी हट्ट चालवायचे. दानीएल सिनेमावाल्याचा डायनामो सांभाळतो, एवढ्यावरून त्याच्याशी मुलीचं, साराचं लग्न त्यांनी दोन वर्षं लांबवलं. शेवटी कबूल झाले, तेही अट घालून: "मिशनच्या देवळात सुटाबुटात यायचं. सिनेमातला एक चाळा दिसला, की मुलगी घरी नेईन."

सूट दानीएलनं कॅम्पातल्या एका गोऱ्या सोजिराकडून घेतला. त्या पँटीत दोन दानीएल मावले असते! लढाईमुळं नगरच्या बाजारात इलॅस्टिक औषधालाही मिळत नव्हतं. मग पठ्ठ्यानं सायकलची ट्यूब कापून गॅलिसचे, म्हणजे पँट खांद्यावरून धरून ठेवणारे, पट्टे केले. ते पडले आखूड. म्हणून डायनामोच्या खोलीत खिळ्याला अडकवून खाली वीट बांधली आणि आठवडाभर ताणत ठेवले. तिथं ठिणग्या उडायच्या, वीज पडल्यावर येतो तसा उग्र वास यायचा. दानीएल खूश. "झ्याक! ह्या वासानं सुटात ढेकूण शिरायचे न्हाईत."

लग्नात पाद्रीसाहेबांनी विचारलं, "हिला पत्नी म्हणून स्वीकारतोस का?"

दानीएलनं छाती फुगवली. "व्हय!"

फट्! एक पट्टा तुटला, पाठोपाठ दुसरा. पँट घोट्यापाशी. बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. दानीएलला पँटीचं काही नव्हतं. पण आता म्हातारा साराला घेऊन जाणार, या भीतीनं त्यानं घाईघाईनं पँट वर ओढली.

मास्तर उठले खरे. पण त्यांनी आधी पडलेला पट्टा उचलला. त्यावर आडव्या चिराच चिरा.

"हा कुठं टांगला होतास?"

"डायनामोपाशी. ईट बांधून."

"आणि उरलेली ट्यूब?"

"तितंच पडलीय. तिला काय बी झालं न्हाई."

"होणारच नाही!" मास्तर मंडळीकडं वळले. "ठिणग्यांनी हवेतल्या प्राणवायूचा ओझोन होतो. ताणलेल्या रबराला तो आडवा चिरतो. सैल रबर तडकत नाही. लिहून घ्या!"

अर्धी मंडळी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सवयीनं खिसे चाचपू लागली. नवरदेव पँट धरून उभा.

साराचं डोकं फिरलं. फुलं एका हातात घेऊन दुसऱ्या हातानं तिनं नवऱ्याची पँट मुठीत आवळली.

"बाबा, दोन वर्षं मलाही ताणून धरलंत. आता सोडा."

मास्तरांनी पट्टा गुंडाळून खिशात घातला आणि खाली मान घालून बाकावर बसले.

"लावा लग्न, पाद्रीसाहेब," ते म्हणाले.

पाद्रीसाहेबांनी साराला विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण जरा लवकर उरका. फार जड आहे ही पँट."