गरम झाली की बंद

भाऊजींवर माझा संशय होता, आणि माझा संशय एकदा बसला की सहजासहजी उठत नाही.

आमची बाग चढावर. वर जायला जाड टायरांची चार चाकांची बाईक. तिच्यावरून माझे वडील, अप्पा, रोज वरच्या तुकड्यात पाणी सोडायला जायचे. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, आपल्या गॅरेजात तिची सर्व्हिसिंग केली आणि त्यानंतर बयेची नाटकं सुरू झाली. थंड असताना शहाण्यासारखी चालायची. इंजिन गरम झालं, अवघड वळण जवळ आलं, की आचके देत बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू. अप्पा तिथूनच मागे फिरायचे आणि वरपर्यंत तंगडतोड माझ्या नशिबी.

"जुनी झाली. विकून टाका, मी दुसरी बघून देतो," भाऊजी म्हणाले. बघून देतो म्हणे, म्हणजे मधली दलाली यांच्या खिशात! तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी प्लग बदलला. एअर फिल्टर धुतला. कार्ब्युरेटर खोलून साफ केला. ढिम्म फरक नाही. शेवटी वळणाजवळ ती आचके देऊ लागली तेव्हा वैतागून टाकीचं झाकण सैल केलं. फुस्सकन हवा आत गेली आणि इंजिन झकास चालू लागलं. झाकणाला बारीक भोक असतं. तिथून हवा आत गेली नाही तर थोड्या वेळाने पेट्रोल खाली उतरत नाही. ते भोक बुजलं होतं. टाचणीने कोरलं तर साबण निघाला. साबण काही आपल्या पायांनी चालत भोकात जात नाही.

मी तडक भाऊजींना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "उद्या सकाळी येतो. हेच माझ्या तोंडावर बोल," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मागोमाग ताईचा फोन. "माझ्या नवऱ्याला लबाड म्हणालीस. हे खोटं निघालं तर पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

सकाळी शेडमध्ये गेले तर अप्पा बाईकवर वाकलेले. एका हातात झाकण, दुसऱ्यात साबणाचा तुकडा. मी साफ केलेल्या भोकात ते नखाने साबण दाबत होते.

"अप्पा, तुम्ही?"

त्यांनी दोन्ही वस्तू मुठीत लपवल्या. मग खालीच बघत बोलले, "मागे त्या वळणावर चाक कडेवरून सुटलं होतं. कसाबसा वाचलो. तेव्हापासून तिथे गेलं की हात कापतात."

"मग सांगायचं ना. मी गेले असते वर."

"सांगितलं असतं तर मला घरी बसवलं असतं तुम्ही. गाडीच चढत नाही म्हटलं की मला कोणी काही विचारत नाही."

"आणि मी भाऊजींवर आळ घेतला, त्याचं काय?"

त्यांचा चेहरा उतरला. हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि भाऊजी आत आले.

"बोल मेहुणीबाई, कोणी भरला साबण?"

अप्पा मान वर करेनात.

"मीच," मी म्हणाले. "बाईक धुताना झाकणाला साबण राहिला. तो नीट न धुताच बसवलं. उगाच तुमच्यावर घसरले. चुकलं माझं."

भाऊजींनी मग मनातलं सगळं बाहेर काढलं. माझी जीभ, माझा ताठा, रात्रभर रडलेली ताई. कोणाचं अर्धं वाक्य ऐकून न घेणारी मी, पण निमूट ऐकत उभी राहिले.

"पुरे, जावईबापू," अप्पा म्हणाले. "तिला बोलू नका."

त्यांनी मूठ उघडून भाऊजींपुढे धरली. आत साबणाचा तुकडा होता.

"मला त्या वळणाची भीती वाटते," अप्पा म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली.