न्हाणीघरातला पायनळ

मित्रांनो, मी एक पायनळ आहे. हे नाव तुम्ही कुठल्या दुकानात ऐकलेलं नसणार, कारण मी दुकानातून आलेलोच नाही. एका साध्या घरातल्या न्हाणीघरात, बेसिनच्या खाली मी बसवलेला आहे. माझ्या फळीवर पाय दाबला की वरचा नळ सुटतो आणि पाय उचलला की बंद होतो. हात लावायचं कामच नाही. आता माझी फळी झिजली आहे, कडेला एक ढलपी निघाली आहे, पण काम मी अजून चोख करतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तुम्ही मला बोल लावणार नाही. मी स्वभावाने फार संशयी आहे. त्यात सगळा दोष माझा नाही. माझी तार एका सायकलच्या ब्रेकची आहे, फळी मोडक्या स्टुलाची, बिजागरी कपाटाच्या दाराची, आणि स्प्रिंग कुठली ते बनवणाऱ्यालाही आठवत नाही. एकदा अडगळीत टाकलेल्या वस्तूला कोणी पुन्हा मायेने हातात घेतलं, तर ती आधी हाच विचार करते की याचा डाव काय असेल.

मला बनवलं ते मिस्त्रींनी, म्हणजे या घरातल्या सासऱ्यांनी. त्यांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. दुकान बंद करून ते घरी बसले, पण त्यांचे हात काही बसले नाहीत. घरातल्या प्रत्येक गोष्टीकडे ते सायकल असल्यासारखं बघतात. दार करकरलं तर तेल, घरातलं कोणी रुसलं तरी त्यांच्या मते कुठेतरी नट सैल झालेला असतो. त्यांचा मुलगा कामासाठी महिना महिना बाहेरगावी असतो. त्यामुळे घरात माणसं तीनच: मिस्त्री, त्यांची बायको आणि सून. त्यांच्या बायकोला मीही सुनेसारखंच आई म्हणतो.

माझ्या जन्माची वेळच अशी होती, की कोणाच्याही मनात शंकेची पाल चुकचुकावी. आई बाजारात गेल्या होत्या. सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, पण त्या दिवशी ती उशिरा जाणार होती. ती टेप घेऊन न्हाणीघरात आली आणि जमिनीपासून बेसिनपर्यंतचं माप घेऊ लागली. मिस्त्री दारात उभे होते. दोघं हळू आवाजात बोलत होती. दवाखान्यात डॉक्टर पायाने नळ सोडतात, तसं इथे करता येईल का, असं ती विचारत होती. मिस्त्री म्हणाले, त्यात काय, ब्रेकची तार ओढायची एवढंच. मग सून म्हणाली, "पण बाबा, ही माझी कल्पना आहे असं आईंना सांगू नका."

ती असं का म्हणाली, हे तिने सांगितलं नाही आणि मिस्त्रींनी विचारलं नाही. मी तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी एका डब्यात सुटा सुटा पडलो होतो. तरी मला वाटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

आणि नेमक्या त्याच वेळी आई बाजारातून परत आल्या होत्या. पिशवी हातातच होती. पायाने नळ सोडायचं बोलणं आणि ते शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं, आणि आवाज न करता त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या.

आता त्यांच्या हातांबद्दल सांगायला हवं. त्यांनी वीस वर्षं कपडे धुण्याच्या दुकानात काम केलं. सोडा आणि गरम पाणी यांनी त्यांच्या हातांची कातडी अशी काही बिघडली, की तळव्यांना भेगा पडतात आणि त्या भेगांतून रक्त येतं. तो रोग कोणाला लागत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. पण लोकांना कोण समजावणार? कोपऱ्यावरचा दुकानदार सामानाची पिशवी त्यांच्या हातात न देता फळीवर ठेवतो. शेजारीण बोलता बोलता एक पाऊल मागे सरकते. आईंच्या हे सगळं लक्षात येतं. त्या बोलत मात्र नाहीत.

तेव्हा त्यांनी गणित मांडलं. काही दिवसांपूर्वी त्यांनी सुनेला सकाळी सकाळी नळाची फिरकी फडक्याने घासून पुसताना पाहिलं होतं. आता ही टेप, ही कुजबुज, आणि हे "आईंना सांगू नका". दोन अधिक दोन चार झाले. सुनेला आपण हात लावलेल्या नळाची किळस येते, म्हणून पायाने चालणारा नळ! खरं सांगतो, माझंही उत्तर तेच आलं होतं.

मिस्त्रींनी दोन दिवसांत मला उभं केलं. फिरकीचा नळ काढून दांडीचा नळ लावला, तार दांडीला अडकवून खाली फळीपर्यंत आणली, फळीला मागून बिजागरी ठोकली. पहिल्यांदा पाय दाबला तेव्हा पाण्याने थेट त्यांच्या सदऱ्यावर उडी घेतली. त्यांना भारी आनंद झाला. त्यांनी बायकोला हाक मारली आणि मोठ्या ऐटीत मला चालवून दाखवलं. कौतुकाचे ते चार क्षण मी कधी विसरणार नाही, कारण पाचव्या क्षणी आई म्हणाल्या, "छान आहे. पण मी याला पाय लावणार नाही. ज्यांना गरज आहे त्यांनी वापरावा."

सून तेव्हा मान खाली घालून उभी होती. मला वाटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं!

त्यानंतर आई तांब्या आणि बादली घेऊन हात धुवायला लागल्या. तांब्या उचलताना त्यांचा जीव कळवळायचा, ते मला दिसायचं. तिघं एका टेबलाशी जेवत, पण आई आपलं ताट आपणच वेगळं धुऊन वेगळं ठेवू लागल्या. मिस्त्रींच्या ते लक्षात आलं नाही. सुनेच्या आलं असावं, कारण ती स्वयंपाकघरात उगाच घुटमळायची आणि काही न बोलता निघून जायची. तिचं ते गप्प राहणंसुद्धा मी तिच्या खात्यावर वाईट म्हणूनच धरलं.

एके दिवशी आई फोन घेऊन न्हाणीघरात आल्या आणि त्यांनी आतून कडी लावली. त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला. रविवारी येते, म्हणाल्या. घरात आठ दिवसांसाठी म्हणून सांगितलंय, पण मी परत यायची नाही. ज्या घरात आपल्या हातांची घाण वाटते तिथे राहून काय करू? एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि कडी काढून बाहेर गेल्या. मिस्त्रींना याचा पत्ता नव्हता, सुनेलाही नव्हता. घर मोडायला निघालं होतं, आणि त्याचं कारण मी होतो.

पण मित्रांनो, आईंचं एक गुपित मला ठाऊक होतं. दुपारी सून दवाखान्यात असायची आणि मिस्त्री आरामखुर्चीत घोरत असायचे. तेव्हा आई अनवाणी, हळूच यायच्या. दार लोटून घ्यायच्या. बेसिनच्या कडेला कोपर टेकून माझ्यावर पाय ठेवायच्या आणि भेगाळलेले हात कितीतरी वेळ गार पाण्याखाली धरायच्या. त्यांना आराम पडायचा. मग पाय फरशीला घासून त्या परत जायच्या, कोणाला सुगावा लागू न देता. रागही सुटत नव्हता आणि गार पाणीही.

घोडं अडलं ते माझ्या तारेपाशी. सगळा भार माझ्यावर टाकून बराच वेळ उभं राहिलं की तार ताणली जाते. मिस्त्री दर चार दिवसांनी ती आवळायचे आणि पुटपुटायचे, की दोन माणसांच्या वापराला एवढी तार सैल होत नाही. त्यांचा संशय सुनेवर गेला. ती घाईत असते, लाथ मारत असणार. पण सुनेला तोंडावर कसं म्हणायचं? म्हणून त्यांनी दुकानातली जुनी युक्ती काढली. ब्रेकचं रबर चाकाला नेमकं कुठे घासतं ते बघायला ते रबराला खडू लावत. शनिवारी जेवणानंतर त्यांनी निळ्या खडूची भुकटी माझ्या फळीवर नीट चोळली आणि निश्चिंत मनाने झोपायला गेले. पायाचा ठसा दिसला की गुन्हेगार सापडला, असा त्यांचा हिशेब. माणसांच्या घरात ब्रेकची तपासणी चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार!

नेहमीप्रमाणे आई आल्या. फरशी ओली होती, पाय ओले होते. त्यांनी हात धुतले, आणि परत निघाल्या तेव्हा न्हाणीघरापासून त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत निळी पावलं उमटली. त्यांनी मागे वळून पाहिलंच नाही. खोलीत त्यांची बॅग भरून तयार होती.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस असतो. सून घरी आली, तिने ती पावलं पाहिली, मग माझ्या फळीवरचा खडू पाहिला. मग पदर खोचून, फडकं भिजवून ती गुडघ्यांवर बसली आणि भराभर फरशी पुसायला लागली. मी मनात म्हटलं, झालं! आता जमीनसुद्धा पुसायला लागली.

तेवढ्यात आईंच्या खोलीचं दार उघडलं.

"पूस, नीट पूस," आई म्हणाल्या. "आधी नळ पुसत होतीस. माझे हात नको होते, आता पायही नकोत का?"

सुनेने बसल्या बसल्याच हळू आवाजात सांगितलं, "आई, बाबांनी फळीला खडू लावलाय, दुकानात ब्रेकला लावायचे तसा. कोण जोरात दाबतं ते बघायला. ते उठायच्या आत मी पुसून टाकत होते. तुम्ही पाय लावणार नाही म्हणाला होतात ना? त्यांनी हे पाहिलं असतं तर सगळ्यांसमोर तुम्हाला चिडवत बसले असते."

आईंनी विचारलं, "आणि नळ कशाला पुसायचीस?"

"त्याच्यावर रक्त असायचं. रोज सकाळी. ती फिरकी फिरवताना तुमचा हात फाटायचा, आई. म्हणून तर हे करून घेतलं."

"मग मला सांगू नका असं का म्हणालीस?"

"मी मलम आणलं होतं तेव्हा तुम्ही महिनाभर माझ्याशी बोलला नव्हतात. 'मी काय आजारी आहे का?' असं म्हणून."

मित्रांनो, मला एवढी लाज वाटली, की तारेसकट गंजून जावं असं झालं. मी या मुलीचा एकूण एक शब्द ऐकला होता आणि एकूण एक शब्दाचा वाकडा अर्थ लावला होता.

आई खाली वाकल्या. सुनेचे दोन्ही हात खडूच्या पाण्याने मनगटापर्यंत निळे झाले होते. "ऊठ," त्या म्हणाल्या. तिला दंडाला धरून त्यांनी बेसिनपाशी आणलं आणि माझ्यावर स्वतःचा पाय ठेवला.

"धू हात. मी दाबून धरते."

सुनेने हात पुढे केले. पाण्याबरोबर तिचे डोळेही वाहत होते. निळा रंग पार निघून गेला, तरी आईंनी पाय उचलला नाही. आवाजाने मिस्त्री उठून आले. अर्धी पुसलेली पावलं बघून त्यांनी मोठ्या तोऱ्यात विचारलं, की कोणाची आहेत ही?

"माझी," आई म्हणाल्या. "रोज दुपारी येते मी. तार सैल झालीय, आवळा. आणि माझ्या बहिणीला कळवा, मी येत नाही म्हणून."

मिस्त्रींना काही उलगडलं नाही. पण तार आवळायला सांगितली होती, तेवढं त्यांना पुरलं. ते पाना आणायला गेले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आठवड्यातून एकदा तारेवर तेलाचे दोन थेंब आणि महिन्यातून एकदा फळीखालची घाण काढणं, एवढंच मी मागतो. तुमच्या घरातही कोणीतरी हाताने बनवलेली एखादी ओबडधोबड वस्तू असेल, तिलाही एवढं द्या. आणि कोणी तुमच्या पाठीमागे कुजबुजताना दिसलं, तुम्ही आलात की गप्प झालं, तर मनातल्या मनात गणित मांडत बसू नका. सरळ जाऊन विचारा. मी सगळं ऐकत होतो, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.