साडेदहा

माझा नवरा शिंपी. टेपवर त्याचा जेवढा भरवसा, तेवढा माझ्यावर कधी नव्हता. लेकीच्या मानेतली गाठही आधी टेपलाच कळली. शाळेचा शर्ट शिवताना गळा साडेदहाऐवजी बारा भरला.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी कॅन्सर म्हटल्यावर आमच्या तोंडचं पाणी पळालं. "हा बरा होतो," त्या म्हणाल्या, "पण सहाच्या सहा वेळा औषध चढवायचं. मध्येच सोडायचं नाही." खाट फुकट, औषध मात्र बाहेरून आणायचं. दोन खेपांत माझ्या बांगड्या गेल्या, काजं करायचं मशीन गेलं. तिसऱ्या खेपेला शिवायचं मशीनच विकावं लागणार होतं. मग खायचं काय?

तिसऱ्या खेपेच्या सकाळी नवऱ्याने लेकीला स्टुलावर उभं केलं, गळ्याभोवती टेप धरली, नेहमीसारखं आत एक बोट घातलं.

"साडेदहा! बघ, जसंच्या तसं."

लेकीनेही मान वाकडी करून वाचलं. आकडे ती टेपवरच शिकलेली. केस गेलेले सोडले, तर पोर पहिल्यासारखी खिदळत होती, माझ्याशी भांडत होती. माझा जीव भांड्यात पडला. "डॉक्टरांना काय, सांगायला पैसे पडतात?" असं मीच म्हणाले. हो, मीच. सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडून मी कशी सुटेन?

ती खेप चुकवली. पुढच्याही चुकवल्या.

चार महिन्यांनी तिच्या कॉलरचं बटण लागेना. जाडी झालीस म्हणून मी तिला चिडवलं. त्याने टेप लावली, आकडा वाचला आणि टेप गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी मशीन विकून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई ओरडतील असं वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, तेव्हाच मला कळून चुकलं.

"गाठ बाहेरून बसली, तरी आजार आत असतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आता जुनं औषध लागू पडत नाही. नवं इथे मिळत नाही." परदेशातून मागवायची किंमत त्यांनी कागदावर लिहून दाखवली. आमच्या गल्लीतली सगळी दुकानं विकली असती तरी तेवढे पैसे उभे राहिले नसते. मशीनचे पैसे नवऱ्याच्या खिशात तसेच परत आले.

काल लेक हटून बसली, नवा शर्ट पाहिजे. हाताने शिवतो, नवरा म्हणाला. तिला उभं राहवत नाही, म्हणून खाटेवर बसवूनच त्याने माप घेतलं. मी शेजारीच होते. साडेतेरा. त्याने आकड्यावर अंगठा ठेवला.

"किती, बाबा?"

"साडेदहा."

"खरंच? मग आता सुया नकोत ना?"

"नकोत."

माप सांगताना हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता. लेक खूश होऊन आडवी झाली. त्याने जमिनीवर कापड पसरलं, खडूने खुणा केल्या. गळा मात्र वाढत्या मापाने पंधराचा कापला.